वाकवलेल्या पिना

ही गोष्ट मी घरात कधी काढली नाही. टेकरीवर देवीपुढे एकटा उभा असतानासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय — तुम्ही आमच्या घरातले नाही, म्हणूनच बहुतेक.

मी चौथी शिकलेला. पण रेडिओ, टीव्ही, पंप — माझ्या दुकानातून दुरुस्त न होता परत गेलेली एक वस्तू देवासात दाखवा, असा माझा तोरा. दिनकर माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. माझ्याच हाताखाली शिकला. पुढे त्या नव्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांच्या नादी लागला, हौशी पोरं घेतात ती. खातेगांवच्या एका माणसाची अंडी उबवायची पेटी त्यानं बनवायला घेतली — ऊब उतरली की बोर्डानं बल्ब लावायचा, चढली की विझवायचा.

आता त्या बोर्डाची खोड ऐका. पिनांची भोकं सारख्या अंतरावर, पण एका बाजूला मधेच अर्ध्या भोकानं सरकलेली. बाकीची जोडणी जिच्यावर करायची ती आपली बाजारातली भोकांची प्लेट पिना लावून वर बसवायला जावं, तर काही पिना बसतात, काही अडतात.

"भाऊजी, जबरदस्ती नका करू," दिनकर म्हणाला. "ह्याच्या मापाची तयार प्लेट मिळते."

मिळते तर मिळू दे, म्हटलं. हात कशाला दिलेत?

आणि मग — गल्ल्याखाली तीच तयार प्लेट मला सापडली. फडक्यात गुंडाळलेली, माझ्यापासून लपवलेली. ज्याला कथलाचा टाका द्यायला मी शिकवलं, त्याचा माझ्या हातावर भरवसा नाही? तोंडावर बोलला असता तर भांडलो असतो, विसरलो असतो. पण लपवलं. ते आजही खुपतं, खोटं कशाला बोलू?

दिनकर सासुरवाडीला धारला गेला होता. तेवढ्यात मी पक्कडीनं एकेक पिन वाकवली, भोकांत दाबली, टाके दिले आणि पेटी खातेगांवला पाठवून दिली. ताणावर बसलेली पिन, गरम-गार होत राहिली की टाका सोडते. मला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं.

टाका सुटला. बल्ब लागला नाही, पेटी गार पडली. आतल्या पिलांचं काय झालं असेल — समजा तुम्हीच. तो माणूस पेटी घेऊन भर दुकानात आला. "ये टाँका किसका है, काका?"

दिनकर शेजारीच उभा होता. मी म्हटलं, "दिनकर का."

दिनकरनं वाकून पेटीत पाहिलं. पिनांवर माझ्या पक्कडीचे दात उमटले होते. मग माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणाला नाही. चपला घातल्या आणि दुकान उतरला, तो परत चढलाच नाही.

घरी बायकोला सांगितलं — तुझ्या भावानं माझ्यापासून लपवलं आणि माझं नाव घालवलं. पहिलं खरं होतं. म्हणून तर दुसरं तिला पटलं. त्यानंही तिला कधी खरं सांगितलं नाही.

तो राहतो दोन गल्ल्या पलीकडे. यंदाच्या भाऊबीजेला तिन्हीसांजेला ती गच्चीवर गेली आणि भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं तिनं चंद्राला ओवाळलं. निरांजन वाऱ्यानं विझू नये म्हणून मी शेजारी हात आडवा धरून उभा होतो.