तळहाताला दाट लागलेले केस

भीमपूरच्या राहीबाईला कोणी काही समजवायला जावं आणि तिनं ते ऐकून घ्यावं, असं कधी घडलंच नाही. बाई भाजीवाली. बांधाला वांगी, पाण्यापाशी पालक आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि बाजाराच्या दिवशी आदिलाबादला पाटी घेऊन हजर. नवरा अर्ध्यात गेला, तरी पंकज आणि दामिनी ही दोन लेकरं तिनं एकटीनं वाढवली. जीव लावला हो, नाही कोण म्हणतं! पण तिचं जीव लावणं म्हणजे आपलं तेच खरं करणं.

दामिनीचे केस जन्मापासूनच विरळ. वेणी घातली तर उंदराच्या शेपटीएवढी. राहीबाईचा स्वतःचा अंबाडा मुठीत मावत नसे, त्यामुळे पोरीचं डोकं तिला खुपायचं. "पालक कसा, कापला का दुप्पट फुटते," ती म्हणायची. "केसाचंबी तसंच हाये." झालं! दर उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागली की दादाजी न्हाव्याला बोलावणं जायचं आणि दामिनीचं डोकं सफाचट व्हायचं.

आठवड्याभरानं खुंट वर यायचे. राहीबाई त्यावरून तळहात फिरवायची. खुंट टोचायचे, आणि तिला वाटायचं, आले बाई दाट! "पाहा, कसे भरून राह्यले!" ती शेजारणींना सांगायची. दिवाळीपर्यंत केस वाढायचे आणि पुन्हा तेच, विरळ. मग राहीबाई म्हणायची, औंदा नाही जमलं, पुढल्या वर्षी जमेल.

जूनमध्ये पोरगी ओढणी घट्ट बांधून शाळेत जायची. पोरं ती ओढून काढायची. "गुंडू! गुंडू!" तेलुगू पोरांचा हा चकोट डोक्यासाठीचा शब्द मराठी पोरांनीही लगेच उचलला. घरी येऊन दामिनी रडायची. "केस दाट आले का हेच पोट्टे पायत राहतीन," असं राहीबाईचं उत्तर.

सातवी झाल्यावर न्हावी आलेला बघून दामिनी कापसाच्या पऱ्हाट्यांच्या ढिगामागे जाऊन लपली. राहीबाईनं दंडाला धरून ओढत आणली आणि दोन्ही गुडघ्यांत आवळून बसवली. "नको माय, मी मोठी झाली आता. नको ना वं!" दादाजीचाही हात थांबला. म्हणाला, "राहू द्या बाई, पोट्टी लय रडून राह्यली." राहीबाई कडाडली, "तुमी वस्तरा चालवा!" अर्धं डोकं झाल्यावर दामिनी गप्प झाली. राहीबाईला वाटलं, चला, समजलं एकदाचं पोरीला.

आता दामिनी मंचेरियलला नर्स आहे. नवरा नागेश रेल्वेत. केस तेवढेच विरळ, छोट्याशा क्लिपमध्ये बसणारे, आणि त्यावाचून तिचं काहीएक अडलं नाही. साक्षी नावाची मुलगी आहे, तिसरं वर्ष लागलेली. वर्षातून एखादी चक्कर होते माहेरी, पण मुक्काम नाही. आणि साक्षीला आजीपाशी एकटी म्हणून सोडत नाही. साधं न्हाणीत गेली तरी लेकरू सोबत. राहीबाईच्या ते लक्षात येई. चार दिवस नात आपल्यापाशी राहावी, एवढंच तिला म्हातारपणी हवं होतं.

म्हणून तिनं जावळाचा घाट घातला. मामाच्या मांडीवर बसवून लेकराचे पहिले केस काढायचे, मग पंकजच्या मांडीवाचून कसं होणार? पोरगी येईल, राहील. साक्षीसाठी तिनं चार नवे फ्रॉकही आणून ठेवले. दामिनी साक्षीला घेऊन आली, पण उंबऱ्यातच म्हणाली, "माय, जावळ नाई काढायचं."

"काऊन? तुह्यासारखेच विरळ हायेत. एकदा काढले का..."

"वस्तरा वरूनच फिरते माय. मूळ आतमंदी राह्यते, त्याले काईच होत नाई. कापलेलं टोक बोथड असते, म्हनून हाताले टोचते. तुले तेच दाट वाटे."

राहीबाई खाली बसली. कधी नव्हे ते तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "चुकलं माह्यं. मले नव्हतं मालूम. नाई काढत जावळ. पन पोरीले चार दिवस ठेव माह्याजवळ. डोक्याले हात नाई लावत तिच्या, तुही शपथ!"

दामिनी तिच्यासमोर उकिडवी बसली. आवाज चढवला नाही तिनं. "केसाचा राग नाई माय. तुले मालूम नव्हतं, ते मी कवाच सोडून देल्लं. पन मी 'नको' म्हनत होती. ते तं तुले आयकू येत होतं ना?"

राहीबाईला खोटं बोलता आलं असतं. "हाव," ती म्हणाली, "येत होतं."

"मंग कशी ठेवू हिले तुह्यापाशी? तूच सांग."

"नको ठेवू," राहीबाई म्हणाली, आणि उठून साक्षीचे फ्रॉक एकेक करून दामिनीच्या पिशवीत भरू लागली.