विमलताईंनी वाचलेला शेवट

विमलताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बीडच्या बस स्टँडवर होते. समोर लागलेल्या आमच्या गावाच्या, तेलगावच्या गाडीत तशीच बसले, पण पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पुढं त्यांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या लेकीनं, सुजातानं, एक जुनी कादंबरी माझ्या हातात ठेवली. "आईनं तुमाला द्यायला सांगितलं व्हतं, मावशी."

मी ती लगेच ओळखली. दुष्काळात सोसायटीनं चारा छावणी काढली होती. आम्ही बायका जनावरांपाशीच राहायचो आणि दुपारी उसाच्या पाचटाच्या मांडवाखाली विमलताई ही कादंबरी मोठ्यानं वाचायच्या. गोष्टीतल्या नवऱ्यानं घरात दुसरी बाई आणली होती. माझ्याही नवऱ्यानं तेच केलं होतं आणि अख्ख्या छावणीला ते ठाऊक होतं. बायका गोष्टीतल्या बायकोला सल्ले द्यायच्या, म्हणजे मलाच. "मुकाट नांद म्हणावं," एक म्हणायची. "त्याचं टकुरंच फोड म्हणावं," दुसरी. मी रोज एकच विचारायचे, "ताई, शेवटाला ती काय करती?"

ताई माझ्याकडे रोखून बघायच्या. "वाचल्याबिगर कसं कळंल? उद्या ये, माज्यापशी बस." रोज मोजकीच पानं वाचायच्या. जिवाचं बरंवाईट करायचं माझ्या मनात होतं... मी बोलले नव्हते, पण त्यांनी ओळखलं होतं.

अखेर त्यांनी शेवट वाचला. बायको पिशवीत दोन साड्या भरते, एसटीत बसते आणि परत येत नाही. त्याच आठवड्यात मीही एसटीत बसले. बीडला एका वसतिगृहात स्वयंपाकाला लागले आणि जगले.

परवा कादंबरीचं शेवटचं पान उघडलं. त्यात एसटी नाहीच. बायको विहिरीत उडी घेते. पानावर नजर ठेवून ताईंनी माझ्यासाठी सगळं मनानं रचलं होतं.

ताईंच्या नवऱ्याचंही बीडला दुसरं घर होतं. ताई मात्र जन्मभर त्याच नवऱ्याचा डबा भरत राहिल्या. "मग तुमी कावून ऱ्हाता त्येंच्यापशी?" मी एकदा विचारलं होतं. "माजं सोड," म्हणाल्या. त्याचा मला अजून राग येतो.

मी सुजाताला फोन केला. ती म्हणाली, "दुखण्यात आईनं हेच पुस्तक माज्याकडून वाचून घेतलं."

मी विचारलं, "शेवटपण?"

"हो. लिवलाय तसा."

"मग काय म्हणाल्या?"

"पुस्तक मीट म्हणाली."

काल दुपारी मी ते पुन्हा उघडलं आणि शेवटचं पान मोठ्यानं वाचलं, छावणीत ताईंनी वाचलं होतं तसं. दोन साड्या, पिशवी, एसटी... ऐकायला ताई नव्हत्या.