लोखंडी खोळ

पिठाच्या गिरणीत त्यांना सगळे किळसोबा म्हणत. तोंडावर म्हणत. ते रागावत नसत. दुसऱ्याच्या पेल्यातून ते पाणी पीत नसत, दाराची कडी कोपराने लावत. आणि नोकरी अशी, की सगळ्या गिरणीची घाण त्यांच्याच हातात यायची.

दळण्याच्या यंत्राचे पोलादी दात झिजतात आणि त्यांचा कीस पिठात उतरतो. तो अडवायला पन्हळीच्या आत दोन लोहचुंबक समोरासमोर बसवले होते, हाताएवढे लांब दांडे. पीठ त्यांच्यामधून खाली पडायचं, लोखंड दांड्यांना चिकटून राहायचं. दर पाळीला ते दांडे काढून साफ करणं हे किळसोबांचं काम.

मी तिथेच ऑफिसात पिशव्यांवरचा मजकूर लिहायचो. साहित्याची पदवी घेऊन मिळालेली पहिली नोकरी. जेवायला आम्ही एकत्र बसायचो. ते डबा उघडायचे, बघायचे आणि बंद करायचे.

"का हो काका?"

"आत्ताच दांडे पुसलेत. तू खा. मला काही विचारू नकोस."

एकदा बघायला गेलो. दांड्यांवर काळी, चिकट दाढी उगवली होती. लोखंडाचा कीस, यंत्राचं तेल, ओलसर पीठ, किड्यांचे पाय, उंदराचे केस. त्या दिवशी मीही जेवलो नाही.

पूर्वी दांड्यांवर स्टेनलेसच्या नळ्या असायच्या, खोळीसारख्या. दांडा आतून ओढून घेतला की वरची घाण आपोआप गळायची. त्या खोळी तडकल्या. मालकांनी नव्या मागवल्या नाहीत. "फडकं आहे ना? बोटं आहेत ना?" एवढंच म्हणाले.

शेवटी किळसोबांनी वेल्डरला गाठलं. आवारात एक जाड लोखंडी नळी गंजत पडली होती. तिच्या खोळी करून घेतल्या. नळी ती नळी, असं त्यांना वाटलं. मलाही वाटलं.

आणि खरंच चमत्कार झाला. पूर्वी बसवताना दांडे एकमेकांवर झडप घालत, बोटं चेमटत. आता गरीब गाईंसारखे समोरासमोर बसले. खोळीतून ओढून काढायला मात्र जीव जायचा. पण काढायची गरजच पडेना. खोळी स्वच्छ. किळसोबा डबा चाटूनपुसून खाऊ लागले.

"वा रे पठ्ठ्या!" मालक म्हणाले. "यंत्राचे दात सुधारले वाटतं."

"दात कधी सुधारतात का रे?" किळसोबा मला हळूच म्हणाले. "म्हणेनात का. मला जेवण जातंय."

पुढे एका संध्याकाळी मी त्यांच्या घरी होतो. काकू पीठ मळत होत्या. एकदम "आई गं!" म्हणून त्यांनी हात झटकला. सुईने बोट कोरून काय ते बाहेर काढलं. काळं, वाकडं, कापलेल्या नखासारखं.

"गिरणीत आता लोखंड दळता का?" त्या म्हणाल्या. "तसं सांगा, मी हातमोजे घालते."

किळसोबांनी तो कीस तळहातावर घेतला. हसले नाहीत.

सकाळी गिरणीत त्यांनी दोऱ्याला एक स्क्रू बांधला. उघड्या दांड्याजवळ नेला, तर दोरा आडवा ताणला गेला. खोळीतल्या दांड्याजवळ नेला. स्क्रू मेल्यासारखा लोंबत राहिला.

"मध्ये लोखंडच घातलं मी," ते म्हणाले. "सगळा जोर त्या खोळीनेच गिळला. बाहेरचा कीस ओढायला उरलंय काय?"

आम्ही मालकांकडे गेलो. मालक किल्लीने कान कोरत होते. निघालेला मळ त्यांनी नीट पाहिला आणि टेबलाच्या खाली पुसला.

"चूक माझी," किळसोबा म्हणाले. "हवं तर काढून टाका मला. पण माल परत बोलवा. वसतिगृहाला जायचाय तो तरी थांबवा. लहान पोरं आहेत तिथे."

"कुणाचं पोट फाटलं का?"

"अजून नाही."

"मग? लोह अंगी लागतं म्हणतात." मालक स्वतःच्याच विनोदावर हसले. पोट हललं. "आणि ऐक, त्या खोळी तशाच राहू देत. वसतिगृहाचा माणूस तपासायला येतोय. दांडे चकचकीत दिसायला हवेत. झाकली मूठ." मग माझ्याकडे वळले. "लेखक, पिशवीवर टाका, 'चुंबकाने दोनदा शुद्ध.'"

मी पेनाचं टोपण काढलं. भाषा शिकलेला माणूस मी.

तपासणारा आला. खोळीवरून बोट फिरवलं, बोट बघितलं, मान डोलावली, चहा ढोसला आणि गेला. मागोमाग माल गेला.

किळसोबांनी एक दांडा खोळीतून उपसला, पोत्यात गुंडाळला आणि चालू लागले. मी मागे.

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात एक धिप्पाड बाई परातीत पिशवी रिकामी करत होती. पलीकडे पोरं ताटं बडवत होती.

"ओ, चपला! कोण तुम्ही?"

किळसोबांनी पोतं सोडलं. दांडा पिठात खुपसला, फिरवला, बाहेर काढला. त्यावर काळी दाढी.

"अगं बाई! हे माझ्या पिठातलं?" तिने हात पुढे केला.

"हात लावू नका. टोचेल." ते स्वतः बोटांनी कीस उपटून ताटलीत ठेवू लागले. डोळे मिटलेले. मध्येच उमासा येई, तो गिळून पुन्हा उपटत.

बाईने ताटलीत वाकून पाहिलं. मग परातीची एक कड धरली. "बघता काय? धरा तिकडून." तिघांनी मिळून परात मागच्या खड्ड्यात पालथी केली. उरलेल्या पिशव्यांच्या खोलीला तिने कुलूप ठोकलं आणि व्यवस्थापकाला बोलवायला निघाली. "कोण मला चूल पेटवायला लावतो तेच बघते!"

तेवढ्यात माझा फोन वाजला. मालक.

"त्या किळसोबाला विचार, गिरणीचा चुंबक चोरून नेलाय का म्हणून!"

मी विचारलं. त्यांच्या हातातल्या दांड्यावर अजून निम्मी दाढी होती.

"सांग, पाठवतो," ते म्हणाले. "न पुसता पाठवतो. म्हणावं, हाताने काढ."