न वाचता केलेल्या सह्या

असा फोन कधीतरी शर्यतीच्या ट्रॅकवरून येईल, ही भीती मी आठ वर्षं पोसली होती. आला तो नागपुरातल्याच सीताबर्डीच्या बाजारातून. दुपारी साडेतीनला, कार्यालयात मी एका खरेदीखताची पानं तपासत होते तेव्हा. विलास एका गिऱ्हाइकाच्या स्कूटरची क्लच केबल आणायला गेले होते. ओळखीच्या दुकानाच्या पायरीवर जरा टेकले आणि टेकलेलेच राहिले. दुकानदाराने त्यांच्याच मोबाइलवरून मला फोन लावला. पडद्यावर त्यांचं नाव बघून मी नेहमीसारखी वैतागून म्हणाले, "आता काय विसरले?" ... पलीकडून जे उत्तर आलं ते इथं लिहीत नाही. ज्यांची पोरगी ताशी दोनशेच्या घरात गाडी पळवते, ते वडील एका पायरीवर बसल्याबसल्या गेले. भीतीचाही नेम चुकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

आमच्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात. जन्मभर मी 'अहो' म्हटलं. इथं मात्र विलासच लिहिणार आहे, कारण रागवायला आता तेही नाहीत आणि सासूबाईही नाहीत. विलास मूळचे भिवापूरचे, मिरचीच्या शेतीतल्या घरचे. जरीपटक्यात त्यांचं दुचाकीचं गॅरेज होतं. इंजिन नुसतं कानानं ऐकून आजार सांगायचे, पण कागद दिसला की त्यांना घाम फुटायचा. आणि मी नोंदणी कार्यालयातली लिपिक. दिवसभर लोकांना एकच सांगते, "वाचून सही करा, मग बोंबलू नका." अशा बाईच्या नशिबी न वाचता सही करणारा नवरा यावा, याला देवाची चेष्टाच म्हणायची. विम्याचा कागद असो की घराचा, त्यांचं ठरलेलं, "तू वाचलं न? मंग झालं."

आमची रेवा नऊ वर्षांची झाली तेव्हा वाढदिवसाला आम्ही तिला शहराबाहेरच्या एका गो-कार्टच्या मैदानावर नेलं. त्या बुटक्या, जमिनीला चिकटलेल्या गाड्यांत बसून पोरं आरडाओरडा करत होती. मी भेळ खात होते. विलास जाळीला नाक लावून उभे होते. परत येताना स्कूटरवर मला म्हणाले, "पोरीचं पाह्यलं का? ब्रेक उशिरा मारते, पण एकदाच मारते. बाकीचे लेकरं एका वळणाले चार खेपा मारून राहिले होते." मला त्यात विशेष काही वाटलं नाही. महिनाभराने घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये एक मोडकी कार्ट येऊन पडली, तेव्हा वाटलं. ती त्यांनी चार महिने रोज थोडी थोडी उघडून पुन्हा जोडली.

सराव कुठं करायचा, हा प्रश्न होता. भिवापूरला माझ्या दिरांकडे मिरच्या वाळवायला काँक्रीटचं मोठं आवार आहे. हंगाम संपला की रिकामं पडलेलं असतं. विलासनी ते दोनदा झाडून घेतलं, टायर मांडून वळणं आखली आणि रेवाला म्हणाले, "दहा चकरा." दुसऱ्या चकरेला फटींतलं वर्षभराचं तिखट उठलं. दीर शिंकले, जाऊबाई खोकत घरात पळाल्या, गोठ्यातली म्हैससुद्धा शिंकली. मी ओरडत होते, "थांबव वं!" पण पोरगी काही थांबेना. दहाव्या चकरेनंतर हेल्मेट काढलं तेव्हा डोळे टोमॅटोसारखे झालेले, नाक वाहतंय, आणि म्हणते काय, "बाबा दहा म्हणले होते न." त्या दिवशी विलास खूप हसले. मी हसले नाही. ही पोरगी आपल्या हातात राहणार नाही, हे मला तिथंच कळलं.

पहिल्या खऱ्या शर्यतीचा फॉर्म आला तेव्हा ती दहा वर्षांची होती. चार पानं, सगळी इंग्रजीत. कामाची सवय म्हणून मी ती वाचली. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की इजा झाली, कायमचं अपंगत्व आलं किंवा मृत्यू ओढवला तर आयोजक जबाबदार नाहीत, आणि पालकाला हे सगळं समजलेलं आहे. खाली सहीची रेघ. मी फॉर्म सरकवून दिला.

"मी नाही करत सही. तुम्ही वाचलं तरी का?"

"तू वाचलं न?"

"वाचलं म्हणूनच करून नाही राहिली."

"म्हणूनच मी वाचत नसतो वं," विलास म्हणाले, "वाचणाऱ्याचा हात थरथरते." आणि माझ्यासमोर, वर नजरही न टाकता, सही ठोकून दिली. त्या दिवसापासून घरात कामं वाटली गेली. सही त्यांची, डबा माझा.

तिला घेऊन ते पहिल्यांदा दक्षिणेतल्या ट्रॅकवर गेले, तेव्हाची फजिती आमच्या घरात अजून सांगितली जाते. आपण नागपूरकर कुठंही निघालो तरी घरातलं सगळं बांधून नेतो. चटणी, लोणचं, मिरच्या, पाण्याचे कॅन. विलासनी टायरमधली हवाही घरूनच नेली. मे महिन्यात, दुपारच्या भट्टीत, अगदी काटेकोर मोजून हवा भरली आणि तशीच्या तशी गाडी तिकडे उतरवली. तिथली सकाळ गार. टायरमधली हवा आक्रसली, कार्ट वळणावळणाला घसरू लागली आणि रेवा शेवटून दुसरी आली. बाजूच्या संघाचा मेकॅनिक विचारत होता, हवा कधी तपासली? विलासनी छाती पुढे काढून सांगितलं, "नागपूरहून भरून आणली." तो माणूस खुर्चीत बसून हसला म्हणे. परत आल्यावर त्यांनी ही गोष्ट स्वतःच सगळ्या जरीपटक्याला सांगितली. लाज म्हणून कधी लपवली नाही. पण त्यानंतर हवा मोजायचं यंत्र त्यांच्या खिशात कायम असे, आणि पुढच्या वर्षी त्याच ट्रॅकवर त्याच मेकॅनिकने रेवाला पहिली येताना पाहिलं.

मग पोरगी थांबलीच नाही. दरवर्षी एक गट वर, दरवर्षी थोडी मोठी कार्ट. शाळेत गणित कच्चं, पण कुठल्या वळणावर किती सेकंद गेले ते तोंडपाठ. पंधराव्या वर्षी देशातल्या पहिल्या तिघांत आली. सोळाव्या वर्षी निवड होऊन फॉर्म्युला गाडीत बसली. एकाच माणसाची, निमुळती, चारही चाकं उघडी असलेली गाडी. कार्टमधून तिच्यात जाणं म्हणजे तळ्यातून थेट धरणात उडी. तिच्या मानेला बळ यावं म्हणून विलास हेल्मेटला तांदळाची पिशवी बांधायचे आणि ती अर्धा अर्धा तास तशीच सोफ्यावर आडवी, मान अधांतरी. मी त्याच तांदळाचा भात लावायचे. मला अभिमान नव्हता असं नाही. कार्यालयात तिचा फोटो मीच सगळ्यांना दाखवायचे. पण उघड्या चाकाला उघडं चाक लागलं की गाडी उडते, हे मला त्या पोरीनेच मोठ्या उत्साहानं समजावून सांगितलं होतं.

आणि तसंच झालं. दुसऱ्याच शर्यतीत मागच्याचं चाक घासलं, गाडी उडून खडीत उलटली. रेवाचं मनगट मोडलं, बाकी ओरखडाही नाही. प्लास्टर निघायच्या आत पुढचा फॉर्म आला आणि विलासनी सही केली. पुन्हा तशीच, वर न बघता. त्या दिवशी मी जे बोलले ते परत घ्यायचं राहून गेलं. मी म्हटलं, "न वाचता सही करणारा बाप आणि अंगठा उठवणारा यांच्यात फरक काय? तुम्हाले समजत नाही म्हणून तुम्हाले भेव नाही." ते नुसते हसले आणि शेडमध्ये निघून गेले. प्लास्टर निघून शर्यत येईपर्यंत, महिनाभर, आमच्यात अबोला होता. त्या शर्यतीत ती दुसरी आली. विलासनी ट्रॅकवरून फोन लावून नुसता हवेत धरला होता. "ऐकून राहिली का? ऐक, ऐक..." मला गाड्यांच्या आवाजाशिवाय काही ऐकू आलं नाही. पण अबोला तिथंच संपला.

विलासच्या तेरवीला आलेल्या बायकांनी मला सल्ला दिला, "आता पुरे कर वं तिचं गाडीचं येड." मीही मान हलवली. त्याच आठवड्यात पुढच्या शर्यतीचा फॉर्म आला. रेवा अठराची व्हायला अकरा दिवस कमी पडत होते. म्हणजे सही पालकाची, आणि पालक आता एकच. पोरीनं फॉर्म माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "तू नाही म्हणशील तर नाही जाणार. रडणार बी नाही." ती खरंच रडली नसती, बापावर गेली आहे. चार दिवस तो फॉर्म फ्रिजवर पडून होता.

पाचव्या दिवशी, रविवारी दुपारी, शेड आवरायला घेतली. पान्यांच्या फळीमागे खिळ्याला एक प्लास्टिकची फाइल टांगलेली होती. गॅरेजचे कागद असतील म्हणून उघडली. आत रेवाच्या सगळ्या फॉर्मच्या झेरॉक्स, पहिल्या शर्यतीपासूनच्या, ओळीने लावलेल्या. सगळ्या कोऱ्या फॉर्मच्या, सहीच्या आधी काढलेल्या. प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीनं, त्यांच्या त्या तिरक्या अक्षरात, मराठी अर्थ. इजा. अपंगत्व. मृत्यू. समासात प्रश्न लिहिलेले, 'डॉक्टर पूर्ण दिवस?', 'ॲम्ब्युलन्स किती?', 'दवाखाना किती दूर?' आणि प्रत्येकापुढं उत्तर आणि बरोबरची खूण. दहावीपर्यंतच्या इंग्रजीवर त्यांनी आठ वर्षं हा अभ्यास केला होता, आणि मग माझ्यासमोर येऊन न वाचता सही करत होते. अपघातानंतरच्या कागदावर तिसऱ्या पानावरच्या त्या एका शब्दाचा अर्थ लिहून खोडलेला होता. खोडताना कागद फाटायला आला होता.

मला आधी राग आला. इतक्या वर्षांत एकदा तरी सांगायचं... मग तिथंच, ग्रीसच्या वासात, खाली बसून मी रडले. मी त्यांना बेफिकीर म्हणत होते आणि माणूस माझ्याइतकाच घाबरलेला होता. माझी भीती मला घरात बसवत होती. त्यांची भीती त्यांना चौकशीला पाठवत होती. एवढाच काय तो आमच्यातला फरक.

शेवटच्या कागदावर एक मोबाइल नंबर होता, खाली लिहिलेलं, 'ट्रॅकवरचे डॉक्टर'. मी तो तिथूनच लावला. नागपूरहून बोलते म्हटल्यावर पलीकडचे गृहस्थ त्यांच्या दाक्षिणात्य हिंदीत म्हणाले, "नागपूर? विलासजी का घर? वो हर बार फोन करके पूछता है, डॉक्टर, पूरा दिन रुकेगा ना? इस बार फोन नहीं आया, मैं सोच रहा था..." मी त्यांना सांगितलं. मी डोळे पुसले आणि विचारलं, "डॉक्टर, आप पूरा दिन रुकेंगे ना?"

"रुकूंगा, मॅडम."

मी घरात आले, फ्रिजवरचा फॉर्म घेतला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि सही केली.