वरच्या खोलीतल्या पोरीला पाजल्यालं दूध

आमच्या वरच्या खोलीत आफ्रिकेतनं शिकायला आल्याली एक पोरगी भाड्यानं ऱ्हायला हुती. मी म्हशीवाला. रोज सकाळी कट्ट्यावर म्हस बांधायची, गिऱ्हाइकासमोर ग्लासात धार काढायची आन फेसासकट तिथंच प्यायला द्यायचं, ह्यो माझा धंदा. शाळा मी दुसरीतच सोडली. गुरुजींनी पेढं वाटलं म्हणत्यात.

पोरगी आली तवा ठणठणीत हुती. बघता बघता गालफडं बसली. कालेजला जायची न्हाय, खोलीतच पडून. मी बायकोला म्हणलं, "घरची आठवण येत आसंल. त्येला औषध माझ्याकडं हाय की!"

रोज पयल्या धारंचा ग्लास वर नेऊन द्याय लागलो. ती दोनी हातांनी घ्यायची, वाकायची, माझ्यासमोर सगळा संपवायची. मी आपला मिशा पिळत खाली. ती जशी वाळाय लागली, तसा मी ग्लास मोठा केला. शेवटी तर तांब्याच न्यायचो.

एक दिवस बायको जिन्यावरनं कपाळ बडवत खाली आली. "अवो, पोरगी बॅग भरतीया. शिक्षान सोडून माघारी जाणार म्हणं."

"का गं? कोण काय बोललं का?"

"तुमचं दूध! तिच्या पोटाला दूध चालत न्हाय. प्याली की दिवसभर संडासात."

"मग सांगायचं की तिनं!"

"त्येंच्याकडं थोरल्या माणसानं हातानं दिल्यालं माघारी देत न्हाईत. आन तुमी तांब्या रिकामा हुईस्तोवर फौजदारावानी हुबं!"

म्हशीचं पोट बिघडलं तर मी लांबनं वळखतो. हितं मीच बिघडवत हुतो आन मलाच पत्ता न्हाय.

बायकोला घिऊन वर गेलो. बॅग निम्मी भरल्याली. पोरीनं आदी माझ्या हातात तांब्या हाय का बघितलं.

"पोरी, चुकलं माझं. पर तू नको म्हणायचं की."

ती मोडक्या मराठीत म्हणाली, "मामा, तुमी रागावनार."

"रागावीन की! हितं सगळीच रागावत्यात आन घटकंनं संगट च्या पित्यात. पर बारीक बोलल्यालं ह्या गावात कुणाला ऐकू येत न्हाय. म्हण बघू, नको."

"नको," ती पुटपुटली.

"न्हाय आलं ऐकू."

"नको!"

"आजून."

मग ती आशी वरडली, की शेजारची आक्का खिडकीत आली. "आरं मुडद्या, पोरीला मारतोयस व्हय?"

पोरगी खुदकन हसली, आन हसता हसता रडाय लागली. बायकोनं बॅगंतला एक कुडता काढून खुटीला अडकवला. पोरीनं अडवलं न्हाय. डोळं पुसलं, आन दुसरा तिनं सवताच काढला.