भावजयीचा भरवशाचा तारा

माझी धाकटी भावजय शाळेत विज्ञान शिकवते आणि घरीदारी सगळ्यांच्या चुका काढते. तिच्या हाताखालच्या मुली शाळेच्या दुर्बिणीतून एका ताऱ्याचा उजेड मोजतात. तो कमीजास्त होतो, म्हणून शेजारच्या स्थिर ताऱ्याशी ताडून बघायचा आणि आकडा वेधशाळेला पाठवायचा. तिथले शास्त्रज्ञ तो संशोधनात वापरतात.

एका मुलीचे आकडे इतरांशी जुळेनात. भावजय खवळली.

"तारे बघतेस की डुलक्या काढतेस?"

"मॅडम, आपला तारा ठीक आहे. मी तिसऱ्याच ताऱ्याशी ताडून बघितलं, शेजारीच मंद होतोय."

"त्या शेजाऱ्यावर सगळं जग भरवसा ठेवतं. तू कोण लागून गेलीस? उद्यापासून गटात येऊ नकोस."

पोरगी रडकुंडीला आली. भावजयीने मात्र तिचे आकडे काढून टाका म्हणून सांगायला वेधशाळेला फोन लावला.

"काढू नका," पलीकडचे शास्त्रज्ञ म्हणाले. "ते बघूनच आम्ही मोठ्या दुर्बिणीतून तपासलं. शेजारी खरंच मंद होतोय. आम्ही सगळे त्याच्याशी ताडत होतो, त्याला कुणी तपासतच नव्हतं. कुणाच्या लक्षात आलं हे?"

भावजय खुर्चीत बसली ती बसलीच. तिचा पांढराफटक चेहरा बघून शिपाई पाणी घेऊन धावला. मग ती वर्गात गेली आणि सगळ्यांसमोर त्या मुलीला म्हणाली, "चूक माझी होती. तू गटात ये." वर्गाला घेरी यायचीच बाकी होती.

हे ऐकून माझा भाऊ घास हातात धरून बघतच राहिला.

"स्वतःच्या तोंडाने म्हणाली? लग्नाला इतकी वर्षं झाली, दादा, मला अजून हे ऐकायला मिळालेलं नाही."