झाकणावरचं नाव

आमच्या निशिगंधाला सगळे रागीट म्हणतात. मी तिची चुलत वहिनी, आणि मला विचाराल तर ती कमीच रागावते. महाडच्या बाजारात एका गाळ्यात बसून ती स्वतः व्हिडिओ गेमचे कन्सोल बनवते. टीव्हीला जोडायचा आणि चौघांनी मिळून कबड्डी खेळायची. लोक येतात, कौतुक करतात आणि परदेशी कंपनीचा घेऊन घरी जातात. ज्यांना तो परवडत नाही, त्यांच्या पोरांच्या हातात मोबाइल असतोच.

यंदा गणपतीला तिचा धाकटा भाऊ विनीत मुंबईहून पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमच्या गावी आला, तोही तसलाच महागडा कन्सोल घेऊन. सख्खी बहीण हेच बनवते, याचं त्याला काहीच नाही. तो कन्सोल इंटरनेटशिवाय सुरूच होईना, आणि गावात रेंज येत नाही. मग गणपती जाईपर्यंत घरभरची पोरं निशिगंधाने सोबत आणलेल्या, इंटरनेट न लागणाऱ्या तिच्या डब्यावर कबड्डी खेळली. आरतीला त्यांना ओढून आणावं लागायचं.

निघताना विनीत म्हणाला, "ताई, तुझाच दे ना, पोरं सोडत नाहीत. फक्त झाकणावरचं तुझं नाव काढ. सोसायटीत हसतील."

तिने डबा पुढ्यात ओढला. तिने स्क्रू काढले, आतलं सर्किट उपसून मुठीत धरलं, नावाचं झाकण परत बसवलं आणि रिकामा डबा त्याच्या हातात ठेवला.

"माझं होतं ते काढलं," ती म्हणाली. "आता ने."